झहूरच्या जागी

— नाही, थांबा प्रसाद, पगाराचं नंतर. तुमी विचारलंत, प्लॅटफॉर्म आर्किटेक्टनं नेमकं करायचं काय? बरोबर आहे तुमचं. सत्त्याण्णव साल उजाडलं, पण सगळ्या महाप्यात कोणाला विचारा, धड सांगणार नाही. मी इथला मॅनेजर, मला तरी कुठे ठाऊक होतं! सोपं सांगतो. तळोज्याच्या केमिकल कारखान्यात तीन टाक्या — आत अ‍ॅसिड तापतंय — प्रत्येकीचा धोक्याचा भोंगा वेगळा, पण खाली सॉफ्टवेअर एकच, आपलं. कोड बाकीचे लिहितात. आर्किटेक्ट ठरवतो काय कशाला जोडायचं, काय अजिबात जोडायचं नाही. आणि आराखड्यावर सही करतो. सही महत्त्वाची.

झहूर तुमच्या आधीचा. पनवेलचा, हुशार, पण फटकळ — भर मीटिंगमध्ये मला म्हणाला, "जयप्रकाश सर, एका बटणानं तिन्ही भोंगे बंद करायचे नाहीत. माणूस मरेल." मी म्हटलं, क्लायंटचे पाहुणे येतात, डेमोच्या वेळी भोंगे केकाटतात, लाज जाते — दे एक बटण. तर त्यानं हरकत लेखी दिली! मी तो कागद फाडला — म्हणजे, फायलीत असेल, सापडत नाही. वर दम दिला, बटण नाही तर नोकरी नाही. घरी बायको मरियम, पोटुशी. केली सही. करणार काय?

मग पाहुणे आले, बटण दाबलं, सगळं शांत, फोटो निघाले, आमी वाशीला जेवायला गेलो. भोंगे परत चालू करायचे राहिले. दोन नंबरची टाकी फुटली. सिताराम — तिथला ऑपरेटर — टाकीला खेटून उभा होता. भोंगा वाजलाच नाही तर पळणार कसा? चेहऱ्याची कातडी सोलवटून कॉलरवर आली होती. मी बघितलंय. ओरडायला ओठच नव्हते हो!

चौथ्या दिवशी तो गेला. पाचव्या दिवशी त्याचे भाऊ इथे घुसले, हातात सळया. "कोनी बनवलं हे? कोन हाय तो?" काच फोडली, मला भिंतीला दाबलं, सळई इथे, गळ्यावर. मी घाबरलो, जाम घाबरलो. आराखडा काढला, सही दाखवली आणि बोट झहूरकडे केलं. त्यांनी त्याचा उजवा हात टेबलावर धरला आणि — हाडांचा आवाज होतो, प्रसाद, सुकं लाकूड मोडल्यासारखा. तो माझ्याकडे बघत होता. एकदापण म्हणाला नाही, सरांनी करायला लावलं. का नाही म्हणाला? सांगा ना! म्हणाला असता तर... तर हात माझा गेला असता.

म्हणून आता सगळं लेखी. हे बघा, तुमच्या करारातलं कलम चार — बिघाडाची संपूर्ण जबाबदारी आर्किटेक्टची. घ्या पेन, करा सही. — बटण? आहे ना अजून. क्लायंटला आवडतं.

— काय? त्या दिवशी कोणी दाबलं? दाबलं कोणीतरी, वीस माणसं होती तिथे. पोलिसांनीपण विचारलं नाही, तुला काय पडलंय? मी दाबलं, मी! पाहुण्यांना भूक लागली होती, गाडी चालू करून ठेवलेली — पेन का खाली ठेवलंस? उचल! उचल म्हणतो ना, नाहीतर थोबाड फोडीन — ए, दार उघडू नको, बाहेर शिपाई पोपट, मुलाखतीला आलेले, सगळे ऐकतायत... जा. जा, नीघ!

पोपट! पुढच्याला आत पाठव.