दीडशेचीच घेतली

हसणार असाल तर सांगत नाही. मोटारसायकल क्लबच्या शर्यतीत पहिल्यांदा उतरायचं म्हणून बेचाळिसाव्या वर्षी मी जुन्या गाड्या विकणाऱ्या बापूंकडे गेलो. मन बसलं चारशे सीसीच्या दणकट गाडीवर.

बापूंनी विचारलं, "शर्यतीला बरोबर कोण येणाराय?"

"कोणी नाही. आई गेल्यापासून एकटाच आहे."

"मग ही दीडशेची घे बाबा. पडलास तर एकट्याला उचलता यायला हवी."

मला राग आला. बापूंनी गोणपाट अंथरलं, मोठी गाडी त्यावर आडवी केली. "उचल." तीनदा जोर लावला, हलली नाही.

मग दीडशेची आडवी केली. ती एका दमात उभी केली आणि हसत वळलो. बापू केव्हाच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले होते.