सुकलालच्या चपला

तुम्ही मला काळजीखोर म्हणता ना, मग हे ऐका. मे महिन्यात माझा शाळेतला मित्र गेला. अंत्ययात्रा निघायच्या आत म्हसावदला पोहोचायचं होतं आणि नेमका शहाद्याच्या स्टँडवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. फाटकाजवळ सुकलाल चपला शिवायला बसतो. त्याच्यापुढे चप्पल धरून मी विचारलं, "लवकर होईल का हो? मयताला जायचंय."

"गाडीना टाईमले नही व्हवाव, बापू." असं म्हणत त्यानं स्वतःच्या पायातल्या चपला काढून माझ्याकडे सरकवल्या. "ह्या मन्ह्या घाली ल्या अन् पळा."

"अहो, पण तिकडे हरवल्या तर? मला यायला उशीर झाला तर?"

"मयतले जाई ऱ्हायनात का वाद घालाले? पळा, गाडी निंघनी!"

पोहोचलो. मित्राचं तोंड पाहता आलं. पण खरं सांगतो, माझं अर्धं लक्ष दारातल्या चपलांच्या ढिगाकडेच होतं.

उन्हं उतरायच्या आत परतलो, तर सुकलाल समोरच्या टपरीवरून चहा पिऊन येत होता. तापलेल्या डांबरावर टाचा उचलत, अनवाणी! माझ्या चपला मात्र शिवून, पुसून त्याच्या पेटीवर ठेवलेल्या.

"अरे, तोवर माझ्या घालायच्या ना!" मी जवळजवळ ओरडलोच.

मी काही भलतंच बोललो असेन, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"गिऱ्हाईकनी चप्पल कोनी पायमा घालस का, बापू?"