हिमायतनगरचं स्थळ

खोटं सांगत असेन तर जीभ झडो. रेणापूरच्या तहसीलात, जुन्या नकलांच्या रांगेत, माझ्या पुढंच मृत्युंजय कोरे आणि त्यांची लेक वर्षाराणी उभे होते. निजामाच्या काळचा उर्दू कागद वाचायला त्यांनी तय्यबचाचांना सोबत आणलं होतं.

“ही घ्या नक्कल, वाचा चाचा. घरचे कागद भूकंपात गेले. हिची जात पडताळणी झाली न्हाई तर मेडिकलची सीट जाती.”

“आन् अप्पा मला लगेच हिमायतनगरला उजवून टाकतेत.”

“गप गं. रेणापुऱ्यांचं स्थळ लाखात एक हाय.”

“जरा सबर करा. हे गुरप्पा कोरे तुमचे कोण?”

“आजोबा! सापडले बघा!”

“आन् त्येंचे थोरले भाऊ इराप्पा. शेऱ्यात लिहिलंय, ‘गाव सोडून हिमायतनगरला गेले. तिकडं लोक त्यांना रेणापुरे म्हणतात.’”

“काय?”

“का, वळखीचे हायेत?”

“चाचा, नवरदेवाच्या पणजोबाचं नाव इराप्पा हाय!”

“मंग मुबारक हो. पोरगा हिचा भाऊच निघाला की!”

“अहो, परवा साखरपुडा हाय! आता त्यांच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ?”

“चुलत्याच्या तोंडानं जा, अप्पा. त्या पोराची पडताळणी झालीया म्हणून तुम्हीच मिरवत होता न्हवं? येताना त्याच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आणा. रक्ताच्या भाऊबंदाचं असलं की माझं काम लवकर होतंय.”