साहेब आले तेव्हा रूबीबाई गात होत्या

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या संगमनेरात एका अमेरिकन बाईंनी साहेबांना भर मांडवात ताटकळत ठेवलं होतं. माझ्या भाचीच्या ओळखीने आलेल्या या रूबीबाई पंचाहत्तरीच्या. पियानोवर ब्लूज गायच्या, म्हणजे त्यांच्याकडची दुःखाची गाणी. चर्चमध्ये शिकल्या आणि जन्मभर दारूच्या गुत्त्यांत गायल्या. आम्ही नगरहून टेम्पोत घालून पियानो आणला. राहुरीच्या खड्ड्यांत त्याचे निम्मे सूर सांडले, तरी उरलेल्या सुरांवर बाईंनी मांडव हलवला.

गाणं रंगात आलं आणि साहेब आले. आपल्याकडे साहेब आले की गाणं मध्येच तोडायचं, कलाकाराने त्यांच्या हातचा नारळ घ्यायचा आणि भाषण ऐकायचं. आमचा संयोजक बापूराव मला म्हणाला, "तुला इंग्रजी येतंय ना? मग थांबव तिला."

मी स्टेजवर जाऊन बाईंच्या कानात सांगितलं. बोटं न थांबवता त्या म्हणाल्या, "माझ्या गाण्यात बाटल्या फुटल्यात, पोलीस घुसलेत, एकदा तर गोळी सुटली. मी थांबले नाही. या गृहस्थांच्या हातात काय आहे?"

"नारळ," मी खरं ते सांगितलं.

"मग बसायला सांग त्यांना."

खाली येऊन मी निरोप दिला. साहेब मुकाट्याने खुर्चीत बसले. बापूराव घाम पुसत म्हणाला, "लई राहिलंय का रं अजून?"

तेवढ्यात बाईंनी साहेबांकडे बघून तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.