ताईच्या जिभेवरची गोळी

हॅलो? ताई, सापडलं! आपल्या सुजेचं कारण सापडलं, माझा आणि आईचा रक्ताचा रिपोर्ट आला!... कसला रिपोर्ट? काही नाही गं. मी कुठे काय म्हटलं?... छे, आईने बजावलंय, तू रविवारी आलीस की समोर बसवून सांगायचं. त्यामुळे मी काहीही सांगितलेलं नाही. बाकी, तब्येत काय म्हणते?

हो, हो… पाळीसाठी गोळ्या? इस्ट्रोजेनच्या?... आजपासूनच?... ताई, ती गोळी आत्ता कुठे आहे?... जिभेवर? थुंक!... अगं आधी थुंक, मग ओरड!... थुंकलीस? चूळ भर. मी थांबते.

हं, ऐक ना. विष नाहीये ते. जगातल्या बायका खुशाल घेतात. पण सूज आवरणारं एक प्रथिन असतं, ते आईच्या आणि माझ्या रक्तात कमी आहे. आणि या गोळ्यांनी आमच्यासारख्यांची सूज भडकते… वाचलं नाही गं, मोजलंय! दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी ब्लाउजच्या मापवहीत स्वतःचंच मनगट लिहिते… हो, रिकामटेकडी, मान्य. सहा इंच, सहा इंच… आणि मीही याच गोळ्या सुरू केल्यावर महिन्यातून दोनदा साडेसात! डॉक्टरीणबाईंनी वही बघितली, गोळ्या थांबवल्या, रक्त तपासायला पाठवलं. चार महिने झाले, एकदाच सुजलं!

ॲलर्जी? खाज कुठे होती? औषधांनी ढिम्म फरक पडला नाही. तू पोटात असताना आईचे ओठ सुजायचे, तेव्हा शेजाऱ्यांच्या मांजरावर आळ आला. मांजर वारलं, सूज तशीच. कुणी माफीसुद्धा मागितली नाही त्याची…

तुझं पाळीच्या आधीचं पोट? हो गं, तेही असू शकतं. आतून सूज येते. वीस वर्षं आपल्याला नाटकी म्हणाले, ताई! नाटक नव्हतं! मी दुकानात नाचले, कात्री हातात घेऊन!... रडू नकोस ना.

उद्या सकाळीच रक्त दे. तुझ्या डॉक्टरांना सांग, पाळीसाठी दुसरा उपाय असतो. आणि घसा सुजला तर मला फोन नाही करायचा, थेट हॉस्पिटल… निम्मी शक्यता, हो. तुझ्यात नसेलही.

लॅबचा फॉर्म? त्यात खाली ‘शेरा’ असा रिकामा रकाना असतो, तिथे माझ्यातर्फे लिही… अगं घे ना पेन. घेतलंस? ‘महोदय, आईकडून आलेल्या सुजेत माझ्या बहिणीचा काही वाटा निघत असल्यास, तोही माझ्याच नावे करून द्यावा, ही नम्र विनंती.’