नंबर अजून दादाच्या नावावर

ताई : म्हणजे सकाळपासून आपल्या लॅबचा एकही रिपोर्ट पोचलेला नाही?

धाकटा : एकही नाही. सगळे आपल्याच सर्व्हरवर ताटकळलेत.

ताई : अरे, हॉस्पिटलवाले फोन करकरून डोकं खातायत माझं! कालपर्यंत तर सुरळीत चाललं होतं.

धाकटा : कालपर्यंत मधली एक कंपनी आपली मेल पुढे पोचवायची. तिने गाशा गुंडाळला. म्हणून आता आपला सर्व्हर थेट समोरच्याच्या दारात जाईल असं केलं मी.

ताई : मग जात का नाही?

धाकटा : जातो गं. पण समोरचा सर्व्हर तपासतो, ज्या नेटच्या नंबरवरून मेल आली, तो कोणाच्या नावावर? आपण सांगतो ताईची लॅब, आणि नंबरवर निघतं आपल्या लॅबचं जुनं, दादाचं नाव. त्याला वाटतं, आलाय कोणी तोतया. दारातूनच हाकलतो.

ताई : बदल की मग नाव.

धाकटा : नेट कंपनीच्या साइटवर तेच करतोय. ओटीपी दादाच्या मोबाइलवर जातो. कनेक्शन त्याचं आहे.

ताई : तूच लाव फोन.

धाकटा : लावतो, पण बोलायचं तू. मी मध्ये पडलो की दोघांची बोलणी मीच खातो.

ताई : लॅब सोडल्यापासून एक शब्द बोललेला नाही तो माझ्याशी.

धाकटा : तू तरी कुठे बोललीस? त्याने तपासलेली स्लाइड परस्पर दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलीस.

ताई : पेशंटच्या जिवाचा प्रश्न होता.

धाकटा : त्याला सांगून पाठवायचीस. थांब, लागला. स्पीकरवर टाकतो.

दादा : हं, बोल रे.

ताई : मी बोलतेय.

दादा : तू? काय झालं? बरे आहात ना सगळे?

ताई : बरे आहोत. तुझ्या मोबाइलवर आत्ता एक ओटीपी आला असेल. तो हवाय.

दादा : कशाला?

धाकटा : दादा, नेटच्या नंबरवर अजून तुझं नाव आहे. ते बदलल्याशिवाय मेल जात नाही.

दादा : दारावरचं काढलंत तेव्हा मला वाटलं, झालं सगळं.

ताई : दादा, पेशंट खोळंबलेत.

दादा : कळलं गं. घ्या. चार, शून्य, शून्य, नऊ, दोन, सात.

धाकटा : घातला. फोन ठेवू नकोस, पुन्हा मागेल एखादे वेळी.

(धाकटा नाव बदलतो आणि अडकलेले रिपोर्ट पुन्हा पाठवायला लावतो.)

धाकटा : घेतला! समोरच्याने पहिला रिपोर्ट घेतला. चालले, बाकीचेही चालले.

ताई : सुटले बाई.

दादा : ठेवू मग?

ताई : थांब ना. एक स्लाइड आहे. पुन्हा पुन्हा पाहिली, माझं ठरत नाहीये. लहान मुलगी आहे रे.

दादा : दुसऱ्या कोणाला दाखवलीस?

ताई : नाही. आधी तुलाच विचारतेय.

दादा : फोटो काढून मेल कर. कडेचा भाग सोडू नकोस. मी चष्मा घेऊन बसतो.