आप्पांच्या गाडीची काच

आमच्या आप्पांचा हट्ट ऐका. हॅण्डल फिरवून काच उघडायची जुनी गाडी, विका म्हटलं तर विकणार नाहीत. "माय, काच लई जड झाली, येऊन बघ," असा त्यांचा लेकीला, म्हणजे मला, फोन आला की मी पुण्याहून चडफडत गारखेड्याला जायचे, दाराचं पॅड काढून आत ग्रीस लावायचे आणि लगेच परत निघायचे. महिन्याभरात काच पुन्हा जड!

परवा पॅड काढलं, तर आत सगळं लख्ख पुसलेलं.

"आप्पा, ग्रीस कुणी पुसलं?"

"मीच."

मी भडकलेच. "मला बोलवायचं होतं तर सरळ सांगायचं ना!"

"तुझी आई गेल्यावर सरळच सांगत होतो की. तवा तुला सुट्टी मिळत नव्हती."